कॉलेजची भिंत: रंगवलेलं म्युरल की टाइलचं मोझॅक?

कॅम्पसवर कायमची कलाकृती करायची म्हणून विद्यार्थ्यांकडून प्रस्ताव मागवले की अर्जांचे तीन गठ्ठे होतात. सगळ्यात जाड गठ्ठा भिंतीवर चित्र रंगवण्याचा. दुसरा टाइलच्या तुकड्यांच्या मोझॅकचा. तिसरा वर्कशॉपमधल्या भंगारातून शिल्प उभं करण्याचा. एलईडीचं कारंजं सुचवणारा एखादा असतोच. पंप बंद पडला की तो कोण बदलणार, एवढं विचारलं की तो अर्ज आपोआप मागे पडतो.

भंगारशिल्पाचं आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या मते ते बहुतेक कॉलेजांसाठी नाही. गिअर, चेन, बेअरिंग जोडून केलेला मोर किंवा घोडा फोटोत झकास दिसतो. पण वेल्डच्या प्रत्येक सांध्यात पाणी साचतं, प्राइमर आतपर्यंत पोचत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात चौथऱ्यावर गंजाचे तांबडे ओघळ उतरतात. कॉर्टेन पोलाद, म्हणजे ज्याच्यावरचा गंजाचा थरच त्याला राखतो ते, वापरू म्हणणाऱ्यांनी कोकणात तरी जपून. त्याचा गंज स्थिरावायला मधूनमधून कोरडं व्हावं लागतं, आणि खाऱ्या हवेत तो थर बसतच नाही. शिवाय मुलं त्यावर चढतात, फोटो काढतात, आणि मे महिन्यात ते लोखंड हाताला चटका देतं. ज्यांच्याकडे कायमचा वेल्डर आहे त्यांनी खुशाल करावं.

खरी निवड राहते रंग आणि टाइल यांच्यात. हिशेबासाठी 10 फूट उंच, 20 फूट रुंद, म्हणजे 200 चौरस फुटांची भिंत धरू.

रंगाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. चेहरे, अक्षरं, सावल्या, धुकं, गर्दी हे सगळं रंगात जमतं, टाइलमध्ये जमता जमत नाही. सामानही थोडं लागतं. गुळगुळीत भिंतीवर बाहेरच्या भिंतीचं ॲक्रिलिक इमल्शन दोन हातांत एका लिटरला साधारण 50 ते 60 चौरस फूट जातं, म्हणजे पूर्ण पार्श्वभूमीला चार लिटर पुरतात. वरच्या चित्रासाठी पाव-पाव लिटरचे डबे. आठ-दहा मुलांचा गट, एक परांची, आणि जोडून आलेल्या सुट्टीत काम उरकतं. चित्र भिंतीवर चढवायला गेरूत भिजवलेल्या दोरीने सूत मारून एक-एक फुटाची चौकट पाडा. अंधार पडल्यावर प्रोजेक्टर लावूनही होतं, पण तो भिंतीला अगदी काटकोनात हवा. खालून तिरका लावला की वरची डोकी फुगतात आणि परांचीवर उभं राहून ते कळत नाही.

रंग टिकत नाही अशी तक्रार ऐकू येते, ती बहुतेक वेळा रंगाची नसून भिंतीची असते. म्हणून हे दोन्ही पर्यायांना लागू: आधी भिंत तपासा. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि सोळा तास राहू द्या. आतल्या बाजूला दव जमलं किंवा गिलावा काळपट पडला, तर भिंत ओली आहे. नवा गिलावा असेल तर किमान 28 दिवस थांबा. जमिनीलगत पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा. तो ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या ब्रशने झाडा, आणि ओल कुठून येते ते शोधा. बऱ्याचदा ती वरून येते. कठड्याच्या माथ्याला पाणी भिंतीपासून लांब पाडणारी पुढे आलेली कड नसते किंवा पावसाच्या पाइपचा सांधा फुटलेला असतो, आणि मुलं बिचारी खाली बसून पोपडे खरवडत राहतात. दोनशे रुपयांचा सांधा बदलल्याशिवाय प्रस्तावाला मंजुरीच देऊ नये, असं माझं मत.

रंगवायचंच असेल तर भिंतीवरची जुनी आतल्या कामाची लांबी (पुट्टी) काढून टाका. बाहेर ती पाणी पिते आणि चित्रासकट सुटते. बाहेरच्या भिंतीचा प्राइमर, मग इमल्शन. स्टेनर, म्हणजे छटा देणारा बाटलीतला गडद रंग, डब्यावर दिलेल्या मर्यादेपलीकडे घालू नका. गडद रंगाच्या हव्यासापायी मुलं पांढऱ्या रंगात बाटली रिकामी करतात, मग तो थर वाळूनही बोटाला लागतो आणि पावसात ओघळतो. गेरू, रामरज, काळा, तपकिरी असे लोहभस्माचे रंग उन्हाला दाद देत नाहीत. गुलाबी, जांभळा आणि चकचकीत पिवळा मात्र पश्चिमेच्या भिंतीवर लवकर फिके पडतात. पोस्टरवर हेच रंग उठून दिसतात म्हणून प्रस्तावात नेमके तेच असतात.

इथपर्यंत दोन्ही पारडी सारखी. माझा कौल फिरवला तो टच-अपने.

म्युरलचा एक कोपरा खराब होतो. कोणीतरी सायकल टेकवली, बाकाची पाठ घासली, वायरमनने ड्रिल मारलं. हातभर तुकडा. कॉलेजच्या तपासणीला समिती यायची असते आणि वरून निरोप येतो, तेवढा कोपरा नीट करून घ्या. ज्यांनी काढलं ती मुलं तीन-चार वर्षांत पास होऊन गेलेली. त्यांनी छटा डब्यात काठीने ढवळून नजरेने जुळवलेली, त्यामुळे शेडचा नंबरच नाही. उरलेला डबा असलाच तर वरून साय धरलेला. समजा नंबर सापडला, दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनवरून अगदी तोच रंग आणला, तरी जुळत नाही. भिंतीवरचा रंग उन्हाने उतरलेला असतो, त्याच्या वर पिठूळ थर आलेला असतो, चमक गेलेली असते. नवा ठिगळ लांबून डोळ्यात भरतो. जुना रंग बरा होता असं वाटायला लावतो.

याला उपाय एकच: ठिगळ न मारता त्या रंगाचा सगळा आकार, बाह्यरेषेपासून बाह्यरेषेपर्यंत, नव्याने भरायचा. तो भरला की शेजारचा आकार मळका दिसू लागतो. मग तोही. असं करत सगळं चित्र पुन्हा रंगवायची वेळ येते, आणि ते करणारा हात मूळ हात नसतो. इमारतीचा पेंटर चार इंची ब्रशने रेघ सरळ करून टाकतो. त्याचं कामच ते आहे. दुसऱ्याच्या चित्राला हात लावायला नवे विद्यार्थी धजत नाहीत. शेवटी कोणीच काही करत नाही, आणि पुढच्या रंगकामात सगळ्या भिंतीवरून रोलर फिरतो. म्युरल पावसाने जातं त्यापेक्षा असं जास्त जातं, असं माझ्या पाहण्यात आहे. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

शांतिनिकेतनात या अडचणीची दोन उत्तरं बघायला मिळतात. तिथल्या कलाभवन या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसाठी 1930 च्या दशकात उभं राहिलेलं ‘कालो बाडी’ हे मातीचं वसतिगृह. भिंतींवर विद्यार्थी आणि शिक्षकांनी केलेली उठावचित्रं, आणि त्यावर डांबराचा हात. रंग एकच, काळा. आकार मातीच्या उठावात आहे, रंगात नाही, म्हणून वरचा हात पुन्हा देताना छटा जुळवायचा प्रश्नच येत नाही. दुसरं चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांचं तिथल्याच इमारतीवरचं म्युरल, निव्वळ काळं-पांढरं. याच सुब्रमण्यन यांनी लखनौच्या रवींद्रालय या सभागृहासाठी 1963 मध्ये भाजक्या मातीच्या फरशांचं मोठं भित्तिशिल्प केलं. तिथे रंग भट्टीत भाजून पक्का झालेला असतो, डब्यातून वरून चढवलेला नसतो.

टाइलच्या मोझॅकची जमेची बाजू हीच. झिलई भट्टीत भाजलेली असल्याने ऊन-पावसाने उतरत नाही. पाच तुकडे पडले तर कॉलेजचा गवंडी पाच तुकडे बसवतो. चित्रकार असायची गरज नाही.

आता काम. तुकडे मिळवणं सोपं: टाइलच्या दुकानात फुटका माल आणि सुटे नमुने पडून असतात, प्राचार्यांच्या पत्रावर ते बऱ्याचदा फुकट मिळतात. भिंतीच्या झिलईच्या टाइल घ्या. फरशीची विट्रीफाइड टाइल कठीण असते, निपरने (टाइल तोडायच्या पकडीने) मनासारखी तुटत नाही आणि कडा ब्लेडसारख्या निघतात. टाइल गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायची, मग आकार निपरने. डोळ्यांवर गॉगल हवाच. ग्राइंडर चालवायचा तर पाणी मारून आणि मास्क लावून.

चित्र भिंतीवर थेट करण्यापेक्षा वर्गात करा. मूळ आकाराचा कागद जमिनीवर, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर फायबरची जाळी, आणि जाळीवर तुकडे चिकटवायचे. दोन-दोन फुटांचे भाग कापून मागे नंबर टाकायचे. 200 चौरस फुटांचे 50 भाग होतात. इथे सगळ्यात महागात पडणारी चूक होते. जाळीवर तुकडे चिकटवायला सुताराचा पांढरा गोंद वापरतात. तो पाण्याने पुन्हा मऊ होतो. भिंतीवर चढवल्यावर पहिल्या पावसापर्यंत सगळं घट्ट असतं, मग तुकडे हाताने निघू लागतात. जाळीवरही पाण्याला न विरघळणारा गोंदच हवा, आणि तोही ठिपक्याएवढा. पूर्ण पाठ गोंदाने माखली तर भिंतीचं ॲडेसिव्ह टाइलला पोचतच नाही.

भिंतीवरचा रंग आणि लांबी गिलाव्यापर्यंत काढायची, टाचे (खाचा) मारायचे, थापीच्या मुठीने ठोकून बघायचं. बद्द आवाज आला तिथला गिलावा काढून नवा करायचा. मोझॅकचं वजन चौरस मीटरला अंदाजे 22 ते 25 किलो भरतं, म्हणजे आपल्या भिंतीवर चारशे किलोंच्या वर. सुटू पाहणाऱ्या गिलाव्यावर ते चढवलं तर गिलाव्यासकट खाली येईल. पॉलिमर मिसळलेलं सिमेंटचं ॲडेसिव्ह चार मिलिमीटर थराने लावलं तर 20 किलोच्या पाच-सहा गोण्या लागतात. एका वेळी एकाच भागापुरतं पसरा, दातेरी थापीने ओढा. थरावर साय धरली, बोट लावून बोटाला काही लागलं नाही, की तो खरवडून टाका. विदर्भातल्या उन्हात तर दहा मिनिटांतही हे होतं, म्हणून तिथे सकाळी नऊच्या आत किंवा भिंत सावलीत गेल्यावर. काम तळापासून वर, खाली फळीचा आधार देऊन. विटांची भिंत काँक्रीटच्या कॉलमला जिथे मिळते तिथे भिंतीला चीर पडणारच, म्हणून त्या रेषेवरून तुकडा जाऊ देऊ नका. फट सोडून ती लवचीक सीलंटने भरा.

ग्राउट, म्हणजे तुकड्यांमधल्या फटी भरायचं मिश्रण, दुसऱ्या दिवशी. ते थोडं घट्ट होताच ओल्या स्पंजने पुसायचं. उशीर झाला की पांढरा पापुद्रा राहतो, आणि तो काढायला कोणीतरी ॲसिड आणतं, जे ग्राउटलाच खातं. ग्राउट राखाडी घ्या. पांढरं महिन्यात मळतं, काळं सगळं चित्र खाऊन टाकतं. शेवटी पाच फुटांच्या खालच्या सगळ्या कडा घासदगडाने मारा, कारण मुलं जाताजाता भिंतीवरून हात फिरवतात.

तोटे आहेतच. वेळ रंगाच्या कितीतरी पट. अर्धी मुलं परीक्षेच्या वेळी गळतात. जोतिबांचा किंवा सावित्रीबाईंचा चेहरा करायचा तर तुकडे नखाएवढे करावे लागतात, नाहीतर चेहरा ओळखू येत नाही आणि त्यावरून नको ते बोलणं होतं. मोझॅकला झाडं, नद्या, पक्षी, नकाशे, वारली पद्धतीचे सपाट आकार मानवतात. शिवाय चित्र फसलं तर ते पुसता येत नाही. दर गॅदरिंगला नवी कल्पना हवी असेल, किंवा इमारत दोन वर्षांत पाडायची असेल, तर मोझॅकच्या वाटेला जाऊ नये.

तरी मला विचाराल तर कौल टाइलला, एका अटीवर. प्रत्येक रंगाच्या टाइलचा दहावा हिस्सा न फोडता बाजूला ठेवायचा, ग्राउटची बंद पिशवी, ॲडेसिव्हचं नाव आणि चित्राचा कागद सोबत, आणि त्या पेटीची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ सामानाच्या वहीत. नोंद नसेल तर पुढचा स्टोअरकीपर ती पेटी भंगारात काढतो. प्रस्तावात ही ओळ नसेल तर अर्ज परत करावा.

रंगच हवा असेल, तर प्रस्ताव पाच छटांच्या आत बसवायला सांगा. त्या सगळ्या छटा मशीनवरून काढलेल्या, त्यांचे नंबर भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत लिहिलेले, आणि आकार लहान लहान, म्हणजे एखादा पूर्ण नव्याने भरला तरी शेजारच्याला कमीपणा येणार नाही.