दोरी कोणाची? पीजी आणि विद्यापीठाचं वसतिगृह

एम.ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा वसतिगृहाची यादी लागायला सप्टेंबर उजाडला. तोवर सांताक्रूझच्या वाकोल्यात एका काकूंकडे पेइंग गेस्ट (पीजी), मग पावणेदोन वर्षं मुंबई विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात. मामेबहीण यंदा कलिना कॅम्पसला येतेय आणि रोज रात्री फोनवर तेच विचारतेय, पीजी बघू की वसतिगृहाची वाट बघू, म्हणून एकदाच लिहून टाकते. डिपॉझिट, दलाली, भाडं यांचं गणित ज्याचं त्याने करावं. वसतिगृह स्वस्तच पडतं.

पीजीच्या बाजूने आधी बोलते. चावी आपल्या हातात असते. लोअर परळला इंटर्नशिप करून रात्री दहाला परतलं तरी कुणी रजिस्टर पुढे सरकवत नाही. वसतिगृहात गेटची वेळ, लेट पास, रात्री बाहेर राहायचं तर लोकल गार्डियनचं पत्र. माझी आत्या डोंबिवलीला, तिची सही आणायला एक रविवार जायचा. आई भेटायला आली तरी खोलीत मुक्काम नाही. मेसची डाळ कशी असते ते सांगायला नको. नोकरी सांभाळून शिकणारी असेल तर तिने पीजीच बघावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कागदपत्रांत मात्र पीजी लंगडा. घर भाड्याने घेतलं तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. काकूंचा सगळा व्यवहार तोंडी. बँकेत पत्त्याचा पुरावा मागितला तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. पुढे वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमनी सही-शिक्क्याचं पत्र दिलं, तेव्हा काम झालं.

पण माझं मत फिरलं ते यामुळे नाही. फिरलं कपडे वाळत घालायच्या दोरीमुळे.

सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आम्ही एका खोलीत चौघी. गॅलरीतली दोरी काकूंची. आम्हाला तिच्यावर ओढणी, कुर्ता चालायचा. आतले कपडे नाही. ‘समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं गं,’ हे काकू इतक्या मायेने म्हणायच्या की भांडताही यायचं नाही. मग ब्रा टॉवेलखाली, टॉवेल कपाटाच्या दारावर, आणि पंखा पाचवर. तरी सकाळी इलॅस्टिक ओलंच. इस्त्री फिरवून घालायचे तर विजेच्या बिलावरून टोमणा. कुबट वास अंगाला चिकटूनच वर्गात यायचा. ऑगस्टमध्ये कमरेला नायटा उठला. डॉक्टरीणबाईंनी मलम लिहून दिलं आणि म्हणाल्या, ‘कपडे पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका.’ मी मान डोलावली. वाळवू कुठे, हे त्यांना काय विचारणार?

वसतिगृहात गेले त्या दुपारी ट्रंक खोलीत ठेवली आणि मागच्या व्हरांड्यात डोकावले. या टोकापासून त्या टोकापर्यंत नायलॉनच्या दोऱ्या, आणि त्यांवर साऱ्या विंगचे कपडे राजरोस वाऱ्यावर. काळ्या, फुलाफुलांच्या, विटलेल्या, एकीच्या पट्टीला सेफ्टी पिन. कुणी कशावर टॉवेल टाकलेला नाही. लातूरची एक मुलगी दाताखाली चिमटा धरून म्हणाली, ‘इथं जागा आहे, टाक.’ नायटा दिवाळीपर्यंत गेला. मलमाने गेला की व्हरांड्याने, ते माझ्याने सांगवत नाही.

सगळेच पीजी असे नसतात, आणि सगळ्या वसतिगृहांना असा व्हरांडाही नसेल. एसएनडीटी महिला विद्यापीठाला, म्हणजे चर्चगेटला किंवा जुहूला, प्रवेश घेणाऱ्यांनी तिथल्या मुलींनाच विचारावं. यादीत नाव लागायची शक्यता असेल तर दोन-तीन महिने पीजीत कळ काढावी, वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नयेत. पीजी बघायला भर पावसात, दुपारी जावं आणि दोरी कोणाची ते तोंडाने विचारावं.

वसतिगृह मिळालंच तर येताना चिमटे दोन डझन आण गं. डझनभर तर पहिल्याच आठवड्यात चोरीला जातात.