जर्मन पदकं घ्यायला जाताय? लोहचुंबक खिशात ठेवा

सोलापूरच्या नवी पेठेतल्या या जुन्या नाण्यांच्या दुकानात काचेखाली जर्मन ‘आयर्न क्रॉस’ (जर्मन सैन्याचं युद्धपदक) मांडलाय. चिठ्ठी ‘ओरिजिनल, 1939’, किंमत 2,500 रुपये. माल मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची नक्कल. अस्सल क्रॉस बहुधा तीन भागांचा असतो: मधे लोखंडी गाभा, त्यावर चौकटीचे दोन अर्धे डाख देऊन जोडलेले. गाभ्याला चुंबक चिकटतो, कडेला बारीक सांधा दिसतो. इथला एकसंध ओतीव आहे. चुंबक ढिम्म, क्रॉसवरचे सालाचे आकडे बोथट, काळा रंग कोपऱ्यात साचलेला.

चुंबक चिकटला म्हणून लगेच पैसे काढू नका, चांगल्या नकलेतही लोखंड असतं. मग फीत बघा. (सोलापूरकराला सूत काय शिकवायचं!) अतिनील टॉर्चखाली ती निळसर-पांढरी झळकली तर धागा बहुतेक युद्धानंतरचा. फीत बदललेलीही असू शकते, म्हणून निकाल धातूवरच.

त्याच ट्रेमधला, मधे स्वस्तिकाऐवजी ओकची पानं असलेला क्रॉस वेगळा. पश्चिम जर्मनीने 1957 च्या कायद्याने स्वस्तिक काढून पदकं लावायला परवानगी दिली, त्या धाटणीचा हा. संग्राहक त्याला मोल देतात. इथे तो ‘डुप्लिकेट’ म्हणून स्वस्तात पडलाय.

दुकानदार भिंग देतात, हाताळू देतात. पावतीवर ‘ओरिजिनल’ लिहून मागितलं की मात्र विषय बदलतात.