बार्बाडोसमध्ये पाच दिवस भाड्याची जिमनी चालवली, त्याचा अनुभव

टॅक्सी की भाड्याची गाडी यावर घरात बरीच चर्चा झाली, शेवटी एका छोट्या लोकल कंपनीकडून सुझुकी जिमनी घेतली आणि खरं सांगते, ती नसती तर हॉटेलसमोरचा किनारा बघूनच परत आलो असतो.

बेट जेमतेम 34 किमी लांब, पण मॅपवरचं अंतर बघून वेळ ठरवू नका. एबीसी हायवे (बेटावरचा मुख्य मोठा रस्ता) सोडला की आतले रस्ते अरुंद आणि दोन्ही बाजूंना उंच ऊस, वळणावर पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही, हळूहळू गाडीचं तोंड पुढे काढत जावं लागतं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात त्यामुळे हात लगेच बसला. व्हिजिटर परमिट कंपनीनेच काढून दिलं. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट एचने सुरू होते, पाहुणे आहेत हे कळतं आणि लोक खूप सांभाळून घेतात, लाईट मारून आधी जाऊ देतात, जाताना हॉर्न हलकाच वाजवला की ते थँक्यू. फक्त झेडआर व्हॅनच्या (तिथल्या खासगी शेअर मिनीबस) मागे अंतर ठेवा, प्रवासी दिसला की त्या कुठेही थांबतात.

सगळ्यात भारी चेरी ट्री हिल! नाव चेरीचं पण झाडं महोगनीची, त्या कमानीतून बाहेर आलो आणि खाली अख्खा पूर्व किनारा, पाच मिनिटं कोणी बोललंच नाही. तिथून किनाऱ्यावरच्या बाथशेबा गावापर्यंतचा रस्ता तर परत परत करावासा वाटतो. येताना बाबांसाठी केन्सिंग्टन ओव्हलबाहेर थांबलो, 29 जून 2024 ला आपण वर्ल्डकप जिंकलो ती जागा, बाबांचे डोळे भरून आले.

आता तक्रार. तिसऱ्या दिवशी खड्ड्यात टायर गेला, स्टेपनीत हवाच नव्हती आणि कंपनीचा फोन तासभर कोणी उचलला नाही. रस्त्यावरच्या एका काकांनी पंप आणून दिला म्हणून निभावलं. गाडी ताब्यात घेतानाच स्टेपनी दाबून बघा, जॅक आहे का बघा आणि सगळ्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढा.

गाडी जिमनीच घ्या, चढाला मस्त चालते, सामान मात्र कमी बसतं. आणि भाडं सांगतील तेव्हा कुठला डॉलर ते आधी विचारा, कारण 1 अमेरिकन डॉलर म्हणजे 2 बार्बाडोस डॉलर, आणि बोलताना दोन्हीला नुसतं डॉलरच म्हणतात.