तक्ता वर्डमध्ये आखावा की एक्सेलमधून आणावा?

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक अहवालाला जोडायची थकबाकीची यादी उदाहरणादाखल घेऊ. सदनिका क्रमांक, सभासदाचे नाव, मागील बाकी, चालू आकारणी, भरणा आणि शिल्लक असे तिचे सहा रकाने असतात आणि ओळी साठ-सत्तर भरतात. नव्याने चिटणीसपद घेतलेल्या व्यक्तीपुढे दोन मार्ग असतात: अहवाल ज्या वर्डमध्ये लिहिला आहे तिथेच तक्ता आखणे, किंवा तो एक्सेलमध्ये तयार करून वर्डमध्ये चिकटवणे. स्पेसबार दाबत आकडे एकाखाली एक आणण्याचा तिसरा मार्ग मी मोजतच नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असल्याने फॉण्ट बदलताच ती सारी रांग विस्कटते.

वर्डचा तक्ता शिकायला सोपा आहे. ‘इन्सर्ट’मधील ‘टेबल’खाली दिसणारी चौकट १० रकाने आणि ८ ओळींपुरतीच असते, पण ओळी आधी मोजण्याची गरज नाही, कारण शेवटच्या सेलमध्ये, म्हणजे चौकोनात, टॅब दाबले की नवी ओळ आपोआप तयार होते. मजकूर आधीच स्वल्पविराम किंवा टॅब देऊन टंकलेला असेल, तर तो निवडून ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल’ ही आज्ञा दिली की काम झाले. वर्डचा खरा फायदा मात्र पानाच्या मापात आहे. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो आणि दोन्ही बाजूंना २.५४ सेंटिमीटर समास सोडल्यावर तक्त्यासाठी १५.९२ सेंटिमीटर उरतात. वर्डमध्ये ही मर्यादा पहिल्यापासून डोळ्यांसमोर असते, तर एक्सेलच्या पत्रकाला कडाच नसल्याने तिथला ऐसपैस तक्ता वर्डमध्ये आणल्यावर पानाबाहेर जातो आणि ‘ऑटोफिट विंडो’ करून आवळावा लागतो.

यादी दुसऱ्या पानावर गेली की तिथेही शीर्षके दिसायला हवीत. त्यासाठी पहिल्या ओळीत कर्सर ठेवून ‘लेआउट’मधील ‘रिपीट हेडर रोज’ निवडावे. तरीही शीर्षके येत नसतील, तर तक्त्याच्या गुणधर्मांत ‘टेक्स्ट रॅपिंग’ हे ‘अराउंड’वर गेले आहे का, हे पाहावे आणि ते ‘नन’ करावे. मराठीपुरती आणखी एक खबरदारी अशी की, ओळीची उंची ‘एक्झॅक्टली’ ठेवू नये, ‘अॅट लीस्ट’ ठेवावी. नाहीतर ‘कीर्ती’सारख्या शब्दातील वेलांटी आणि रफार वरून छाटले जातात, आणि ही चूक बहुधा छपाईनंतरच लक्षात येते.

बेरजेचा प्रश्न आला की वर्ड लंगडे पडते. ‘फॉर्म्युला’मध्ये ‘सम’ आणि कंसात ‘अबव्ह’ लिहून बेरीज होते खरी, पण वरचा आकडा बदलला तरी ती तशीच राहते. बेरजेवर जाऊन एफ ९ दाबावे लागते. मधला एखादा सेल रिकामा असला तरी घोटाळा होऊ शकतो, म्हणून तिथे शून्य भरणे चांगले. मी स्वतः एकदा रकान्याच्या डोक्यावर इंग्रजी अंकांत नुसते वर्ष लिहिले होते आणि बेरीज बरोबर २०२३ रुपयांनी फुगली. संगणकाने शीर्षकालाही आकडाच समजून मिळवले होते, आणि ते शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

एक्सेलमध्ये ही काळजी उरत नाही. शिल्लक रकान्याचे सूत्र एकदा लिहून खाली ओढले की सत्तर ओळी भरतात, भरणा बदलला की शिल्लक बदलते, आणि सर्वांत मोठी थकबाकी वर आणायची असेल तर क्रमवारी लावणे क्षणाचे काम असते. मात्र तिथे सेल एकत्र जोडण्याचा, म्हणजे ‘मर्ज’ करण्याचा, हौसेने केलेला वापर पुढे क्रमवारीच्या आड येतो. लांब मजकुरासाठीही एक्सेल अडचणीचे आहे. सेलमध्येच नवी ओळ हवी तर आल्ट धरून एंटर दाबावे लागते. म्हणून ठराव, सूचक, अनुमोदक अशा रकान्यांचा इतिवृत्तातील तक्ता सरळ वर्डमध्येच करावा.

चिकटवण्याच्या पद्धतीवरही बरेच अवलंबून असते. चित्र म्हणून चिकटवलेला तक्ता देखणा राहतो, पण त्यातील एक अक्षरही दुरुस्त करता येत नाही. ‘लिंक’ ठेवली तर एक्सेलमधील बदल वर्डमध्ये आणता येतात, पण नुसती वर्डची फाइल मेलने दुसऱ्याकडे गेली की तो दुवा तिथे कामाचा राहत नाही. अहवाल चार जणांच्या हातून जाणार असल्याने मी ‘यूज डेस्टिनेशन स्टाइल्स’ निवडून साधा तक्ता चिकटवणेच पसंत करतो.

लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठीही निवड फारशी वेगळी नाही; त्यात वर्डच्या जागी रायटर आणि एक्सेलच्या जागी कॅल्क असते. रायटरमध्ये एफ २ दाबून तक्त्यातच सूत्र लिहिता येते, म्हणून पाच-दहा ओळींच्या छोट्या हिशोबाला कॅल्क उघडण्याची गरज नाही.

थकबाकीच्या यादीसाठी माझे मत एक्सेलच्या बाजूने आहे. आकडे तिथे पक्के करावेत, नंतर तक्ता वर्डमध्ये आणून रुंदी आणि शीर्षके बसवावीत. चिकटवल्यानंतर एखादा सभासद पावती घेऊन आला, तर वर्डमध्येच आकडा खोडण्याचा मोह टाळावा, कारण तिथे आलेली बेरीज आता सूत्र नसून नुसते अंक आहेत. दुरुस्ती एक्सेलमध्ये करून तक्ता पुन्हा चिकटवावा.