एसडीबीची एसडीसी झाली आणि १५,७०० रुपये गेले

म्हापशातल्या एका कॉम्प्युटर दुकानाने आमच्या नाट्यमंडळाचे १५,७०० रुपये लुबाडले. तपासणी ८००, 'डेटा रिकव्हरी' ९,५००, नवीन २ टीबी डिस्क ५,४००. बिघाड काय होता? एका फाइलमधली एक ओळ.

मशीन लिनक्सचं. जत्रेतल्या नाटकांची सगळी रेकॉर्डिंग्ज एका २ टीबी डिस्कवर, आणि एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) तिचं नाव /डेव्ह/एसडीबी१, म्हणजे 'एसडीबी' या डिस्कचा पहिला भाग. जागा पुरेना म्हणून त्याच दुकानातून आणखी एक डिस्क, साटा केबलने जोडायची एसएसडी, बसवून घेतली. त्यानंतर मशीन सुरू करताना दीड मिनिट अडकायचं आणि इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या काळ्या स्क्रीनवर, जायचं. स्क्रीनवर एकच रड, एसडीबी१ सापडत नाही. दुकानदाराने निदान केलं, "डिस्क गेली हो. पावसाळ्यातली दमट हवा, त्यात वीज सारखी जाते-येते. हेड चिकटलंय, लॅबमध्ये उघडावी लागेल."

गोव्यात राहणाऱ्या कुणालाही हे पटेल. इथे पावसाळ्यात कनेक्टरवर गंज चढतो, वीज दिवसातून कितीदा तरी जाते. त्यात त्या डिस्कवर असे नट, जे आज हयात नाहीत. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही, आणि हे त्या दुकानदाराला पक्कं ठाऊक होतं.

संताप येतो तो एका गोष्टीचा. त्याने आमच्यासमोरच एलएसबीएलके, म्हणजे मशीनला दिसणाऱ्या डिस्कची यादी देणारी कमांड, चालवली होती. स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं: एसडीसी, ८:३२, १.८टी, त्याखाली एसडीसी१, ८:३३. तीच आमची डिस्क! २ टीबीची डिस्क तिथे १.८टी अशीच दिसते. पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद, डिस्कच्या तबकडीवर असतं. वाचणारं हेड तबकडीला चिकटलं असतं तर ते वाचताच आलं नसतं आणि एसडीसी१ ही ओळ उमटलीच नसती. त्याने बोट ठेवलं ते एसडीबीवर. "बघा, हिच्याखाली काहीच नाही." नसणारच. ती त्यानेच बसवलेली कोरी एसएसडी होती.

लिनक्समध्ये साटा आणि यूएसबी डिस्कना मेजर नंबर (डिस्कच्या प्रकाराचा) ८ मिळतो आणि प्रत्येक डिस्कसाठी १६ मायनर नंबर (ती डिस्क आणि तिचे भाग यांचे) राखलेले असतात. म्हणून एसडीए ८:०, एसडीबी ८:१६, एसडीसी ८:३२. हे नंबर डिस्कवर कोरलेले नसतात. मशीन सुरू होताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जी डिस्क आधी सापडेल तिला आधीचं अक्षर. एसएसडी आधी सापडली, ती एसडीबी झाली. आमची डिस्क एक घर पुढे सरकली. साटाऐवजी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घेतली असती तर तिचं नाव वेगळ्याच मालिकेत गेलं असतं आणि हा घोळ झालाच नसता.

त्याला हे माहीत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. मशीन परत आल्यावर एफएसटॅब उघडली, तर त्या ओळीत एसडीबी१ चं एसडीसी१ केलेलं! रोग ओळखल्याशिवाय ही ओळ कुणी बदलत नाही. शिवाय 'रिकव्हर' झालेल्या प्रत्येक फाइलचं नाव, फोल्डर, तारीख जशीच्या तशी. मोडलेल्या डिस्कमधून तुकडे वेचून काढलेला डेटा इतका नीटनेटका क्वचितच मिळतो. ही साधी कॉपी होती, काही तासांची. जुनी डिस्क तो 'भंगार' म्हणून ठेवून घेत होता. आम्ही हट्टाने परत आणली. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडमध्ये पाच (बदललेले सेक्टर) आणि एकशे सत्त्याण्णव (वाचता न येणारे, संशयित सेक्टर) या दोन्ही ओळींपुढे शून्य. एकही सेक्टर खराब नाही.

त्याची दुरुस्तीही कच्चीच. सुरू करताना पेनड्राइव्ह लावलेला असला तरी अक्षरं पुन्हा सरकू शकतात. बीएलकेआयडी कमांड चालवा, पार्टिशनचा यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) घ्या आणि एफएसटॅबमध्ये एसडीबी१ सारख्या नावाऐवजी तो लिहा. डेटाच्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय घाला, म्हणजे ती नसली तरी मशीन सुरू होईल.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात म्हणाले, कॉम्प्युटरचं प्रकरण, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, पैसे काउंटरवर दिलेत, ऑनलाइन नाही, आमच्याकडे बसत नाही. पुन्हा ठाण्यात, तर "हा दिवाणी मामला." एका अधिकाऱ्याने तर विचारलं, "डेटा मिळाला ना? मग तक्रार कसली?" म्हणजे धडधाकट माणसाचं ऑपरेशन करून पैसे उकळले तरी तो जिवंत आहे म्हणून गुन्हा नाही! एफएसटॅबची ओळ दाखवली, एलएसबीएलकेचा फोटो दाखवला. कागद हातात घ्यायलाही कुणी तयार नाही. लेखी नकार मागितला, तोही नाही. जो तो दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि दुकान रोज सकाळी उघडतं.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची. आम्ही तिथे जातोय. अडचण बिलाची, त्यावर नुसतं 'सर्व्हिस चार्जेस' लिहिलंय.

विंडोजवाल्यांनो, क्लोन केलेली डिस्क मूळ डिस्कसोबत लावली, तर दोघींची सिग्नेचर (ओळख क्रमांक) सारखी निघाल्याने 'ऑफलाइन' दिसते; ती मेलेली नसते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये राइट क्लिक करून ऑनलाइन करा. फॉरमॅट विचारलं तर कॅन्सल.

आणि डिस्क दुकानात देण्याआधी लेबलाचा फोटो काढा, सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. लिनक्समध्ये /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या फोल्डरातल्या नावात बहुतेक वेळा तोच नंबर असतो. तो दुकानदाराच्या स्क्रीनवर दिसला, तर 'डिस्क दिसतच नाही' असं त्याला म्हणता येणार नाही.