फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरात आंब्याच्या पेटीला परवडते का?

निकाल आधीच सांगून टाकू. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा, तिची जाहिरात-सेवा काम करते, पण सांगाल तेवढंच करते. शिवाय केलेल्या कामाचं मोजमापही तीच लिहिते. तिच्याभोवतीचा गवगवा बहुतेक या मोजमापावर उभा आहे. आपला गल्ला वेगळा मोजणाऱ्याला ही सेवा उपयोगी पडते. न मोजणाऱ्याचे पैसे कधी संपले ते त्याला कळतही नाही.

तपासायला उदाहरण घेऊ बागेतून थेट घरपोच हापूस विकणाऱ्याचं. माल दिसायला देखणा, हंगाम मार्च ते मे एवढाच आणि मार्जिन बारीक, त्यामुळे या सेवेचे गुणदोष इथे लवकर उघडे पडतात.

सुरुवात बहुतेक जण पोस्टखालच्या ‘बूस्ट’ (पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवा) बटणापासून करतात. गफलतही तिथेच होते. घाईत बूस्ट केलं की उद्दिष्ट म्हणून बहुधा प्रोफाइलला भेटी किंवा प्रतिसाद निवडला जातो, आणि यंत्रणा लाइक करायची सवय असलेली माणसं अचूक शोधून आणते. आंब्याच्या फोटोला दोन हजार लाइक आणि चार ऑर्डर, हा प्रकार त्यातून होतो. यंत्रणेने फसवलेलं नसतं, मागितलं तेच दिलेलं असतं. आणखी दोन अडचणी आहेत. गाजलेल्या गाण्यावर केलेली रील हक्कांच्या कारणाने बूस्ट होत नाही, त्यामुळे मूळ आवाज किंवा मेटाच्या मोफत संग्रहातलं संगीत वापरा. आणि आयफोनच्या ॲपमधून बूस्ट केल्यास ॲपलचं 30 टक्के सेवाशुल्क वर लागू शकतं. तीच जाहिरात ब्राउझरमधून केली तर ते टळतं.

म्हणून बूस्ट सोडा आणि संगणकावर ॲड्स मॅनेजर, म्हणजे मेटाचं जाहिराती चालवण्याचं पान उघडा. तिथे सहा उद्दिष्टं दिसतील: ओळख, ट्रॅफिक (वेबसाइटवर भेटी), एंगेजमेंट (प्रतिसाद), लीड्स (इच्छुकांचे नाव-नंबर), ॲप आणि विक्री. वेबसाइटवर थेट पैसे भरून घेण्याची सोय असेल तर विक्री निवडा. बहुतेक बागायतदारांकडे ती नसते, ऑर्डर व्हॉट्सॲपवरच ठरते. त्यांच्यासाठी संदेश सुरू करणारी जाहिरात योग्य. त्याआधी व्यवसायाचा व्हॉट्सॲप नंबर फेसबुक पेजला जोडलेला हवा. गिऱ्हाइकाच्या बाजूने आधीच टाइप होऊन येणारा मजकूर बदलता येतो. तिथे नुसतं ‘माहिती हवी’ ठेवलंत की तसेच रिकामटेकडे संदेश येतात. ‘मला ___ डझन हवेत, पिनकोड ___’ असा मजकूर ठेवा. तो भरणारा बहुधा खरंच घेणारा असतो. भाव जाहिरातीतच लिहावा. चौकशा घटतात, पण ‘रेट काय?’ विचारून गायब होणारे त्यातून गळतात, आणि पैसे तुम्ही चौकशीचेच मोजत असता.

आता हिशोब. आकडे समजण्यासाठी आहेत, आपापले घालून पाहा. समजा दोन डझनांची पेटी 2,000 रुपयांना जाते. फळ, तोडणी आणि प्रतवारी 1,300, खोका, पेंढा आणि कुरिअर 300. उरले 400. एक व्हॉट्सॲप चौकशी 25 रुपयांना पडते असं धरू. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 29.50. ताज्या आंब्याच्या विक्रीवर जीएसटी नाही, त्यामुळे फक्त आंबा विकणाऱ्याला जाहिरातीवरच्या या कराची वजावटही मिळत नाही, तो निव्वळ खर्चच. (आमरस, लोणचं असा करपात्र माल विकणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाने मात्र जाहिरात खात्यात जीएसटी क्रमांक जरूर भरावा. तो नसेल तर त्या मालापुरती हक्काची वजावटही हातची जाते.) या दराने तेरा चौकशांत एक ऑर्डर आली तर 383.50 खर्च होऊन साडेसोळा रुपये सुटतात. चौदाव्या चौकशीला तोटा सुरू. दहात एक आली तर 105 उरतात. वीसमागे एक आली तर जाहिरात बंद करून पेट्या व्यापाऱ्याला द्याव्यात.

हिशोबाची दुसरी बाजू दुसऱ्या पेटीत आहे. त्याच गिऱ्हाइकाने मे महिन्यात पुन्हा मागवलं तर जाहिरातीचा खर्च शून्य आणि पूर्ण 400 हातात. म्हणून पहिल्या पेटीवर बरोबरीत सुटणारी जाहिरातही चालवण्याजोगी असू शकते, अट एकच: नाव, नंबर आणि डिलिव्हरीची तारीख वहीत गेली पाहिजे. पैसे यूपीआयने आधी घ्या. नाशवंत मालाला कॅश ऑन डिलिव्हरी देऊच नये. साड्या-ड्रेसवाले ती देतात आणि परत आलेल्या पार्सलचं दोन्ही बाजूंचं कुरिअर भरतात. तो खर्च जाहिरातीच्या रिपोर्टमध्ये कुठेच दिसत नाही.

रोजचं बजेट किती ठेवायचं याचं उत्तर यंत्रणेच्या शिकण्यात आहे. प्रत्येक ॲड सेटला (एकच प्रेक्षक आणि बजेट असलेल्या जाहिरातींच्या गटाला) आठवड्यात साधारण 50 वेळा अपेक्षित गोष्ट घडलेली दिसली की तिची शिकण्याची अवस्था संपते आणि दर स्थिरावतो. रोज 300 रुपये म्हणजे आठवड्याचे 2,100. वेबसाइटवरच्या ऑर्डरमागे 250 पडत असतील तर आठवड्यात आठच ऑर्डर होतात, पन्नासच्या जवळपासही नाही. त्याच पैशात 25 रुपयांच्या 84 चौकशा येतात. त्यामुळे छोट्या बजेटला चौकशी मागणं शहाणपणाचं. पण मग यंत्रणा बोलणारी माणसं शोधते, घेणारी शोधेलच असं नाही. ही तडजोड डोळे उघडे ठेवून करा. पुणे, मुंबई, नाशिक, ठाणे अशा शहरवार आणि वयोगटवार सहा-सात ॲड सेट करून तेच 300 रुपये वाटणं ही सर्वांत नेहमीची चूक. एकही सेट शिकत नाही. एकच सेट ठेवा आणि त्यात तीन-चार वेगळे व्हिडिओ टाका. बजेट, प्रेक्षक किंवा व्हिडिओत मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. रोज सकाळी उठून बटणं फिरवणाऱ्याचा हंगाम शिकण्यातच संपतो.

बजेट 300 असलं तरी एखाद्या दिवशी 500 च्या वर कापले गेले तर घाबरू नये. मेटा एका दिवशी 75 टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करू शकते, आठवड्याची बेरीज मात्र सातपटीच्या वर जात नाही. त्यामुळे ‘दोन दिवस चालवून बघू’ या प्रयोगाला अर्थ नाही.

व्हिडिओ उभा, 9:16. रील्समध्ये वरचा 14 टक्के आणि खालचा 35 टक्के भाग मजकुरापासून मोकळा ठेवा, कारण खाली खात्याचं नाव, मजकूर आणि बटण येतं. भाव आणि ‘घरपोच’ नेमकं तिथेच छापलेलं असतं आणि झाकलं जातं. पहिल्या तीन सेकंदांत लोगो नको, कापलेला आंबा दाखवा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं वापरकर्ता-प्रमाणपत्र असेल तर व्हिडिओत दाखवा. ‘देवगड’ लिहून भलतीकडचा आंबा खपवणारे याच फीडमध्ये असतात आणि गिऱ्हाईक आधीच पोळलेलं असतं. कोण काय दाखवतंय ते मेटाच्या ॲड लायब्ररीत फुकट पाहता येतं. तिथे प्रतिस्पर्ध्याची जाहिरात केव्हापासून चालू आहे तेही कळतं. महिनाभर चालू असलेली जाहिरात बहुधा त्याला परवडत असते.

ट्रॅफिक उद्दिष्ट घेतलंच तर जाहिरात कुठे दिसणार ते हाताने निवडून ‘ऑडियन्स नेटवर्क’ बंद करा. इतर ॲप्स आणि गेममधल्या या जागांवर चुकून बोट लागून होणारे क्लिक स्वस्तात मिळतात आणि रिपोर्ट छान दिसतो. ‘सर्व क्लिक’ या रकान्यात ‘आणखी वाचा’वर टेकवलेलं बोटही मोजलं जातं. बघायचा आकडा म्हणजे पान प्रत्यक्ष उघडल्याचा.

मोजमापाचा मुद्दा मात्र सविस्तर पाहायला हवा. ठरलेल्या सेटिंगमध्ये मेटा जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत, किंवा ती नुसती दिसल्यापासून एका दिवसात झालेली खरेदी आपल्या नावावर लिहिते. दरवर्षी तुमच्याकडूनच पेटी घेणाऱ्या काकूंनी स्क्रोल करताना जाहिरात पाहिली आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे वेबसाइटवर ऑर्डर दिली, तर तीही जाहिरातीची कमाई ठरते. विकत घेण्याची शक्यता ज्यांची सर्वांत जास्त, त्यांना जाहिरात दाखवणं हेच यंत्रणेचं काम, आणि तशी माणसं म्हणजे तुमची जुनी गिऱ्हाइकंच. परीक्षार्थ्यानेच आपला पेपर तपासण्याचा हा प्रकार आहे. उपाय सोपा: जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर 91 सकट यादी करून कस्टम ऑडियन्स (तुम्ही दिलेल्या नंबरांवरून बनणारा प्रेक्षकगट) म्हणून चढवा आणि जाहिरातीतून वगळा. त्यांना व्हॉट्सॲपवर स्वतःच एक संदेश पाठवला की पुरतं.

ही शंका आजची नाही. मे 2012 मध्ये, फेसबुकचे शेअर बाजारात येण्याच्या तोंडावर, जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीने तिथल्या वर्षाला सुमारे 1 कोटी डॉलरच्या जाहिराती थांबवल्या. पुढच्याच वर्षी ती परतलीही. सप्टेंबर 2016 मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो तो आकडा फुगलेला होता, कारण तीन सेकंदांपेक्षा कमी पाहिलेले हिशोबातच धरले नव्हते. त्यावरचा दावा 2019 मध्ये 4 कोटी डॉलरला मिटला. 2017 च्या एप्रिल-जून तिमाहीत प्रॉक्टर अँड गँबलने डिजिटल जाहिरातींतले 10 कोटी डॉलरहून जास्त कापले आणि विक्रीवर फारसा फरक पडला नाही असं कंपनीनेच सांगितलं. मग एप्रिल 2021 मध्ये आयओएस 14.5 ही आयफोनची नवी प्रणाली आली आणि ॲपने वापरणाऱ्याचा माग काढण्याआधी आयफोन परवानगी विचारू लागला. त्यामुळे 2022 मध्ये सुमारे 1,000 कोटी डॉलरचा फटका बसेल असा मेटाचाच अंदाज होता. ज्या अचूकतेच्या जोरावर सेवा विकली जात होती तिला तडा गेला. तेव्हापासून रिपोर्टमधले काही आकडे मोजलेले नसतात, अंदाजाने भरलेले असतात.

छोट्या विक्रेत्याने खरं-खोटं तपासायचं ते असं. दोन आठवडे जाहिरात पुण्यात चालवा, नाशिकमध्ये बंद ठेवा. पुढचे दोन आठवडे उलट. ऑर्डर पिनकोडवार वहीतून मोजा, ॲड्स मॅनेजरमधून नको. मागच्या हंगामात दोन्ही शहरांचं प्रमाण काय होतं ते शेजारी लिहा. अक्षय तृतीयेचा आठवडा कोणत्या टप्प्यात येतो ते आधी पाहा, नाहीतर सणाची मागणी जाहिरातीच्या खात्यात जमा होईल. पुण्यात नुकतेच येऊन गेलेलेही लक्ष्यात धरले जातात, त्यामुळे थोडी गळती राहणारच. जाहिरात चालू असताना त्या शहरातल्या वाढीव पेट्या मोजून वरच्या 400 रुपयांच्या हिशोबात बसवा. बसत नसतील तर रिपोर्टमधला ‘चारपट परतावा’ विसरा.

इतर धंद्यांबद्दल थोडक्यात. साड्या, दागिने, केक, सहली, म्हणजे जे पाहून हवंसं वाटतं, तिथे ही सेवा चांगली. प्लंबर, दंतवैद्य, फ्रिज दुरुस्ती यांना गरज पडल्यावर लोक गूगलवर शोधतात, तिथेच असावं. क्लासेस आणि फ्लॅटवाल्यांना लीड फॉर्मचा मोह होतो. नंबर आपोआप भरला जात असल्याने स्वस्त लीड ढिगाने येतात आणि फोन केल्यावर ‘मी कधी भरला फॉर्म?’ ऐकू येतं. फॉर्मचा ‘जास्त इरादा’वाला प्रकार घ्या, एक प्रश्न हाताने टाइप करायला लावा आणि लीड 90 दिवसांच्या आत उतरवून घ्या. नंतर मिळत नाहीत.

एजन्सीला काम द्यायचं असेल तर जाहिरात खातं, पेज आणि पिक्सेल (वेबसाइटवर काय घडलं ते मेटाला कळवणारा कोड) तुमच्या नावाच्या बिझनेस पोर्टफोलिओत, म्हणजे मेटावरच्या व्यवसायाच्या मुख्य खात्यात उघडा, आणि एजन्सीला भागीदार म्हणून प्रवेश द्या. पैसेही तुमच्या कार्डावरून किंवा यूपीआयवरून थेट मेटाला जावेत, म्हणजे बिल तुमच्या नावावर येतं आणि जाहिरातीवर खरोखर किती गेले ते दिसतं. ‘आमच्या खात्यातून चालवतो’ म्हणणाऱ्याला नकार द्या. काम थांबलं की शिकलेली यंत्रणा, गिऱ्हाइकांच्या याद्या आणि जुने आकडे त्याच्याकडेच राहतात, आणि पुढच्या मार्चमध्ये तुम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागते.