ड्रोनच्या गिंबलचा टिल्ट रिमोटवर घेतला, बेळगावातच काम झालं

येळ्ळूरच्या शिवारात भाताचे व्हिडिओ करतो मी, ड्रोन स्वतः जोडलेला, रिमोट फ्लायस्काय आय-६, पण कॅमेरा वर-खाली करायचा तर दर वेळी ड्रोन खाली उतरवायचा आणि हाताने गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी मोटरची चौकट, सेट करायचा, बॅटरी त्यातच जायची. एका ठिकाणी विचारलं तर आख्खा गिंबलच बदला म्हणाले, लई राग आला.

मग शहापुरातल्या या छोट्या रिपेरीच्या दुकानात गेलो. दुकानदार काकांनी आधी ड्रोनवरच्या रिसिव्हरचा (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) चॅनल ६ बघितला, त्यातून सिग्नल आणि ग्राउंड अशा दोनच वायरी गिंबलच्या बोर्डाला जोडल्या, पॉवरची वायर मुद्दाम सोडली कारण दोघांना आपापली पॉवर आहेच की. रिमोटच्या मेनूत तो चॅनल नॉबवर टाकला, लॅपटॉपवर नॉब फिरवला तसा सिग्नलचा आकडा १००० ते २००० सरकताना मला दाखवला, मध्ये १५००. सरळ समोर ते थेट खाली ९० अंश एवढीच हद्द ठेवली, नाहीतर कॅमेरा लँडिंग गिअरला धडकतो.

पहिल्यांदा झटके देत होता, स्पीड कमी केला आणि सिग्नल मऊ करणारा फिल्टर थोडा वाढवला, मग लोण्यासारखा फिरला बघा! पंखे काढून टेस्ट केली हे मला फार आवडलं, असं सगळे करत नाहीत. स्पीड मोडपेक्षा (त्यात नॉबने फिरायचा वेग ठरतो) अँगल मोड घ्या, नॉब जिथं तिथं कॅमेरा. दुकान अरुंद आहे, संध्याकाळी गर्दी असते, सकाळी जावा.